वाटेकरीण

हक्क म्हणजे काय, हे माझ्या बालमैत्रिणीइतकं स्वच्छ समजलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आणि मी वाढले ती अशा घरात, जिथे हा शब्द मिठापेक्षा जास्त वापरला जाई. माझे वडील छोट्या मच्छीमारांच्या बाजूनं, मोठ्या यांत्रिक बोटींच्या विरोधात पत्रकं लिहीत. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणे. आमच्याकडे तांदळाच्या पिंपावर पत्रकांचे गठ्ठे असत, फडताळात कपड्यांखाली पत्रकं असत, आणि माझी अक्षरओळख 'पर्ससीनच्या बोटी हटवा' या वाक्यावर झाली. पण भाऊंना चार कॉलमांत जे पटवून देता येत नसे ते ही सात-आठ वर्षांची पोरगी दोन शब्दांत पटवी. समोर येऊन उभी राही, झग्याला हात पुसे आणि विचारी, "माझो वाटो?" तो झगा तिच्या मापाचा कधीच नसे आणि पाठीवरच्या बटणांच्या जागी दोन पिना असत. वाडीनं तिचं नावच वाटेकरीण ठेवलं होतं. खऱ्या नावानं तिला फक्त शाळेतले गुरुजी हाक मारत, आणि तेव्हा ती मागे वळून बघे, की ही कोण आणखी आली.

तिचं सारं तत्त्वज्ञान रापणीतून आलेलं. तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या आणि समुद्राच्या मधल्या पट्टीत आमची वाडी. होडीतून पाण्यात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी दोरानं ओढत आणायची, म्हणजे रापण. तिचा एक नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच बहुधा तो कुणी मोडत नाही. ज्याचा दोराला हात लागला त्याला मासळीत वाटा. तो वाडीतला असो की रस्त्यानं जाणारा असो, आणि पोर असेल तर निदान ओंजळभर पेडवे. माझी मैत्रीण दोराच्या अगदी मध्यावर लोंबकळे. रापणीचा म्होरक्या, म्हातारा तांडेल कुरकुर करी, की ही दोर ओढते की आम्ही हिला ओढतो. पण जाळं वाळूवर आलं की पहिली ओंजळ तोच तिच्या पुढ्यात टाकी, आणि ती ते पेडवे मोठ्या जमीनदारणीसारखी निरखून घेई. एखादा फुटलेला असला तर बदलून मागे.

पुढे तिनं अख्ख्या जगालाच रापणीचा कायदा लावला. कुणाच्या लग्नाचा मांडव घालताना ताडपत्रीचं एक टोक धरी आणि पहिल्या पंगतीत नवऱ्याच्या मामाशेजारी जाऊन बसे. एकदा एसटी वाळूत रुतली तेव्हा मोठ्या माणसांच्या बरोबरीनं तिनंही गाडीला मागून हात लावला. गाडी निघाली तशी चढून खिडकीजवळची जागा धरली. कंडक्टरनं विचारलं कुठे जायचं, तर जायचं कुठेच नव्हतं. पण मिळालेला वाटा सोडायचा कसा? मालवण स्टँडपर्यंत गेली आणि त्याच गाडीनं परत आली, हातात कंडक्टरनं दिलेली चिवड्याची पुडी. मी चौथीत दुसरी आले तेव्हा तिनं वाडीभर सांगितलं की आमचा दुसरा नंबर आला. ती स्वतः दोन विषयांत नापास होती. पण अभ्यासाच्या वेळी माझ्या वहीवर बसणाऱ्या माश्या तिनं हाकलल्या होत्या, त्यामुळे त्या नंबरात तिचा वाटा होता. मी रागानं आईकडे तक्रार नेली. आईनं चिमूटभर गूळ-खोबरं माझ्या हातावर ठेवलं आणि तेवढंच तिच्या.

पत्रकं हे तर तिचं स्वतःचंच खातं होतं. तिला वाचायला धड येत नव्हतं, पण घडी घालावी तर तिनंच. वाटायला निघाली की बाजारात प्रत्येकाला बजावी की आम्ही लिहिलंय, नीट वाचा. सुकट विकणाऱ्या एका बाईनं त्याच कागदात सुकटीची पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली तेव्हा हिनं पुडी हिसकावून सुकट बाईच्या टोपलीत ओतली, कागद गुडघ्यावर सरळ केला आणि त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा दिला. भाऊ ही गोष्ट हसून हसून सांगत. म्हणत, संघटनेत अशी चार माणसं असती तर!

हे सगळं गमतीचं वाटतं, कारण मी अजून ती चावायची हे सांगितलेलं नाही. ती चावायची. वाटा नाकारला तर, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर, आणि आईवरून कुणी काही बोललं तर हमखास. तिचा बाप गोव्याकडच्या ट्रॉलरवर होता. वर्षातून एकदा येई, एखाद्या वर्षी तेही नाही. आई ती चालायला लागायच्या आत निघून गेली होती. कुठे गेली ते वाडीतल्या बायकांना माहीत असावं, कारण विचारलं की त्या लगेच दुसरं काही बोलत. ती चुलत्याच्या पडवीत राही. डोक्यात उवा, कानामागे चिघळलेलं. रडताना मात्र मी तिला पाहिलं नाही. फार झालं की वाळूवर उपड्या घातलेल्या होडीच्या आडोशाला जाऊन बसे आणि लाकडावर कपाळ आपटत राही, सावकाश, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. मी जवळ जाऊन नुसती बसायची. थोड्या वेळानं ती थांबे आणि विचारी, तुमच्याकडे आज काय केलंय.

रापणीत मिळालेले ते पेडवे ती स्वतः खात नसे. पडवीत नेऊन देई. चुलतीची नजर आधी तिच्या हातांकडे जाई, मग तोंडाकडे. हात भरलेले असले तर ताट. त्या बाईला मी राक्षसीण करणार नाही. तिची स्वतःची चार पोरं होती आणि चूल एकच होती. पण ज्या वर्षी मोठ्या बोटींनी आमच्या दारातला समुद्र खरवडून नेला आणि आमची जाळी वाळू आणि शेवाळ घेऊन वर यायला लागली, त्या वर्षी वाडीत वाटेच पडेनात. 'मत्स्यदुष्काळ' हा शब्द मी भाऊंच्या पत्रकात वाचला होता. त्याचा अर्थ मला तिच्या ताटावरून कळला.

तिनं मग आमचं घर धरलं. कुणी न सांगता अंगण झाडी, विहिरीचं पाणी आणी, माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरवी. मला वाटायचं ती माझ्यासाठी येते. एके दिवशी आई मासे धूत होती. ही दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, ह्या घराक माझो हात लागलो ना?" आई हो म्हणाली. "मगे वाटो नको माका. कडेक खंयतरी रवतंय."

आईनं मासे धुऊन संपवले. संध्याकाळी माझ्या चटईशेजारी दुसरी चटई पसरली, एवढंच. आठवडाभर ती आमच्याकडे झोपली. आईनं तिच्या उवा काढल्या, कानामागे हळद लावली. भाऊंना आईनं सांगून ठेवलं होतं की याची कुठे वाच्यता करू नका, असंच हळूहळू होऊन जाईल. पण भाऊंना 'हळूहळू' हा शब्द सोसत नसे. ते म्हणाले, मूल आहे ते, चोरीचा माल नाही. दयेवर का राहावं तिनं? इतकी वर्षं तिचा दोराला हात आहे, तिचा वाटा सगळ्या वाडीवर आहे. हे चारचौघांत ठरलं पाहिजे.

आणि खरंच ठरलं. जाळी ठेवायच्या मांगरात सभा भरली. ती पुढे बसली, मी तिच्या शेजारी. तिचे केस आईनं घट्ट विंचरून दिले होते. भाऊ उभे राहून बोलले. समुद्रावर जसा सगळ्यांचा हक्क तसा पोरांवर सगळ्यांचा भार, असं काहीसं. तांडेलानं डोळे पुसले. कोणत्या वारी कोणाच्या घरी जेवायचं, झगे कुणी शिवायचे, सगळं एकमतानं झालं. एकेक घर आपला वार सांगत होतं तशी ती मान हलवून मंजुरी देत होती. तिचा चुलता मागे खांबाला टेकून उभा होता. त्यालाही रीतसर बोलावलं होतं, कारण भाऊंचं सगळं रीतसर असे. सगळ्यांचं झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तुमचो पुढारीपणा दर्यार दाखवा, भाऊ. आमच्या चेडवाक लोकांनी पोसूचा, इतके आमी मेलव नाय." आणि तिचा दंड धरून घेऊन गेला. त्या दिवशी ती चावली नाही.

दोन दिवसांनी कळलं की चुलतीच्या नात्यातल्या कुणाचं इन्सुलीला हायवेवर चहाचं दुकान आहे, तिथे तिला ठेवलं आहे. भाऊ गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, गोव्याला पाठवली, चांगल्या घरी आहे. कुठलं घर, ते त्याला सांगायचं नव्हतं. भाऊ परत आले ते अंगणातच बसून राहिले. आईनं ती दुसरी चटई गुंडाळून ठेवली, आणि ते त्यांना सर्वांत लागलं असावं. त्यांनी पुढेही सभा घेतल्या, मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. पण कुणा माणसाचं नाव घेऊन ते पुन्हा कधी सभेत बोलले नाहीत. शेवटच्या आजारात मला म्हणाले होते, त्या पोरीला मी मांगरात न्यायला नको होतं. भाऊंचं चुकलं असं मी आजही म्हणू शकत नाही. एक पोर उपाशी असेल तर तो वाडीचाच प्रश्न असतो, तो एकट्या आईच्या चटईवर ढकलून बाकीच्यांनी गाढ झोपावं हे मला मान्य नाही. पण ती गेली, आणि ती त्या सभेमुळेच गेली, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं मला एका पत्रकात बसवता आलेली नाहीत.

मागच्या हिवाळ्यात छापखान्याच्या कामासाठी सावंतवाडीला गेले होते. तळ्याच्या बाजूनं चालले होते तर समोरून भाजीच्या दोन पिशव्या घेतलेली एक भरभक्कम बाई थांबली आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तू भाऊंचा चेडू ना गो?" आवाजावरून ओळखलं. बाकी काहीच तिचं उरलं नव्हतं. तळ्याच्या कठड्यावर बसून तिनं सगळं सांगून टाकलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. इन्सुली, मग गोव्यात दोन घरं, त्यातल्या एका घराबद्दल तिनं फक्त नाक उडवलं, मग एका स्वयंपाकीण बाईबरोबर इथे. आता मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर तिच्या हाताखाली होतं. तिथल्या पोरी ताट घासत नाहीत म्हणून तिनं बराच वेळ त्यांचा उद्धार केला. मी वाट बघत होते की आता ती सभेचं काढेल, आणि मला भाऊंच्या वतीनं काही म्हणता येईल.

तिनं काढलंच. म्हणाली, गोव्याची बाई रागावली की हिला म्हणे, तुझं आहे कोण. "मी तिका सांगी, माझ्यासाठी अख्खी वाडी बसलेली. भाऊ उभे रवान बोललेले. बाये, तुज्यासाठी कोण बसलेला काय कधी?" आणि स्वतःच्याच आठवणीनं इतकी हसली की पिशवीतले कांदे कठड्यावरून घरंगळले. ते गोळा करता करता तिनं विचारलं, "भाऊ कशे आसत?"

मी सांगितलं. दीड वर्ष होऊन गेलं होतं.

ती कांदे भरत राहिली. सगळे भरून झाल्यावर म्हणाली, "आणि माका कळवलंस नाय."

पत्ता नव्हता, कुणालाच ठाऊक नव्हतं, असं मी काही बोलले. ते तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिनं विचारायला सुरुवात केली. शेवटी पाणी कुणी पाजलं, उशाशी कोण होतं, दुखलं का फार, काकी आता रात्रीची एकटी असते का. मी सांगत गेले. मग उठली. "चल. माका न्हावक व्हया."

मला समजायला वेळ लागला. मी तिला सांगितलं की आम्ही सुतक पाळलं नाही. दहावं नाही, बारावं नाही, भाऊंनीच तसं लिहून ठेवलं होतं. लहान मुलाचं ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं. "ता तुमचा," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

वसतिगृहाच्या मागे विहीर होती. नेसत्या साडीनिशी ती काठावर बसली आणि एकामागून एक कळशी डोक्यावर ओतून घेऊ लागली. भर दुपारची वेळ. मी पिशव्या धरून उभी होते. स्वयंपाकघराच्या दारात एक मुलगी आली, तिला तशी भिजलेली पाहून घाबरली आणि विचारू लागली, "मावशी, काय झाला? कोण गेला?"

"घरचो माणूस," ती डोळे न उघडता म्हणाली. "तू भात बघ गो आधी."

मुलगी आत पळाली. भाऊंना हे मुळीच पटलं नसतं. त्यांनी तिला समोर बसवून तासभर समजावलं असतं, आणि तिनं एक अक्षर ऐकलं नसतं. तिनं पुन्हा कळशी उचलली. तिच्या केसांवरून पाणी गळत राहिलं, साडीवरून, पायरीवरून. छापखाना जेवणासाठी बंद व्हायची वेळ होत आली होती, पण ती कोरडी होईपर्यंत मला तिथून निघवलं नाही.