जास्तीचे दोन पाटे

नव्या गाडीत कंप आहे हे मी पहिल्या आठवड्यातच ओळखलं, आणि ओळखलं याचा मला गर्वच झाला. अठरा वर्षं मी सुरतेत लूमवर काढली होती. आमच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, अठ्ठेचाळीस मशिनं एकदम चालायची. त्या खडखडाटात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, पण कुठलं मशीन आज त्रास देणार हे मला तळपायाला कळायचं. मास्टरच्या आधी कळायचं. तेव्हा थरथर म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, असं माझं म्हणणं. हेच म्हणणं पुढे मला नडलं.

गाडी म्हणजे पिकअप. उभं राहून राहून गुडघे गेले तेव्हा मी खातं सोडलं आणि कापडाचे टाके, म्हणजे ठाणं, वाहायला ही गाडी घेतली. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत ती आली त्या दिवशी बायकोने ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, शेजारणी पेढे घेऊन गेल्या. बघणाऱ्यांना मी शेठ दिसत असणार. मला तर दिसतच होतो.

दुसऱ्या दिवशी पर्वत पाटियाच्या स्टँडवर गेलो. तिथे पिकअपवाले रांगेने उभे असतात. एकाने गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या चाकावर लाथ ठोकली आणि विचारलं, "पाटे वाढवले की नाही अजून?" पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर मालाचा सगळा भार बसतो. कंपनी देते तेवढ्या पाट्यांवर कंपनी सांगते तेवढाच माल न्यायचा असतो. आता सुरतेत तेवढाच माल कोण नेतं? नवी गाडी आली की पूजा करायची आणि पाटे वाढवायचे, हा इथला रिवाजच. मी त्याच दुपारी चौकामागच्या पाटेवाल्याकडे जाऊन दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा टाकून घेतला. गाडी मागून चार बोटं उंच झाली. मला ती ऐटीत उभी राहिल्यासारखी वाटली.

असं केलं की वॉरंटी जाते, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं.

मग थरथर सुरू झाली. शहरात काही नाही. हजीऱ्याच्या रस्त्याला लागून काटा साठच्या पुढे गेला की खालून गुरगुर यायची, सीटमधून कमरेत चढायची. आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा. माल भरलेला असला की कमी, रिकामी असली की जास्त. एवढ्यावरून तरी माणसाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, कोरी गाडी थरथरते म्हणजे कंपनीने खराब माल आपल्या गळ्यात मारला.

सर्व्हिस सेंटरला दाखवायची तर ते पाटे दिसायला नकोत. म्हणून मी आधी पर्वत पाटियाला जाऊन ते काढून घ्यायचो, मग गाडी दाखवायला न्यायचो, आणि परत येताना पुन्हा घालून घ्यायचो. दुखणं घरी ठेवून डॉक्टरकडे जायचं आणि डॉक्टरला दुखणं सापडत नाही म्हणून बोंब मारायची, असला हा प्रकार. लिहिताना हसू येतं आणि लगेच कान तापतात. पाटेवाल्यापासून सर्व्हिस सेंटरपर्यंत सगळे सिग्नलच, चाळीसच्या वर गाडी जाणार कुठून? त्यामुळे ते दोन पाटे नसताना गाडी मोकळ्या रस्त्यावर कशी चालते हे मला कधी कळलंच नाही.

तिथे ज्याच्याकडे माझी गाडी आली तो मेकॅनिक पस्तिशीचा असेल. मी गुजरातीत तक्रार सांगत होतो. सुरतेत आमचं असंच, दुकानात गुजराती, स्टँडवर हिंदी, घरात अहिराणी. त्याने दोन वाक्यं ऐकली आणि मराठीत विचारलं, "भाऊ, गाव कोणतं?" मी पारोळ्याकडचा, तो धरणगावकडचा निघाला. राहायलाही डिंडोलीतच, आमच्यापासून दोन सोसायट्या सोडून. आपला माणूस भेटला, आता काम होणार, असं म्हणत मी खूश झालो.

त्याने चाकं काढून त्यांचा तोल तपासला. टॉर्च घेऊन बराच वेळ गाडीखाली पडून राहिला. बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "भाऊ, मागे काही काम करून घेतलं का?"

"नाही," मी म्हणालो. "कोरी गाडी आहे. काम कशाला करून घेऊ?"

त्याने टॉर्च विझवला. "बरं, चला सोबत. रस्त्यावर नेऊन बघू."

मी गेलो नाही. तुमचं काम तुम्ही करा, म्हटलं. खरं कारण हे की शेजारी बसलो असतो तर त्याने पुन्हा विचारलं असतं, आणि आपल्या गावाकडच्या माणसाशी एवढ्या जवळून खोटं बोलणं मला जड गेलं असतं. म्हणून एसीत बसून मशीनचा चहा पीत राहिलो. तासाभराने तो आला. थरथर नाही, म्हणाला.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. त्याने पुढची चाकं मागे केली, मागची पुढे. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच नाही. निघताना तो दारापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, कंपनीतून फोन येईल. दहापैकी किती गुण देता विचारतील. दहा म्हणा. दिवाळीला मला कायम करायचं चाललंय, ते सगळं या गुणांवर आहे." सात वर्षं तो कंत्राटावर होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढंच ना? दहा म्हणजे दहा." त्या खेपेला फोन काही आला नाही.

तिसऱ्या वेळी मी तापूनच गेलो. आदल्या दिवशी हजीऱ्याहून रिकामा येताना गाडी एवढी थरथरली की काचेपुढचा गणपती घसरत घसरत पायाशी आला होता. पाटे मात्र नेहमीसारखे काढून ठेवले होते, त्यात चूक नाही. मेकॅनिक गाडी घेऊन गेला, दोन तासांनी आला, कागदावर लिहिलं की कंप आढळला नाही. मग माझ्याजवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "भाऊ, मागची उंची बदलली ना, की इंजिनापासून मागे जाणाऱ्या दांड्याचा कोन बदलतो. मग असा कंप येतो. कोणी पाटे वाढव म्हणालं तर वाढवू नका."

इतकं सरळ सांगितलं त्याने. आणि मला काय वाटलं? याला कळलंय, हा आता आपल्या तोंडून काढून घेणार, गेली वॉरंटी. आणि माझं असं आहे की मी घाबरलो की ओरडतो. मुद्दाम हिंदीत ओरडलो, सगळ्यांना कळावं म्हणून. तू गाडी बाहेर काढलीच नाहीस, म्हणालो. कुठेतरी झाडाखाली झोपलास आणि खोटं लिहिलंस. गावाकडचा म्हणून गोड बोलतोस आणि मला येडा बनवतोस.

काउंटरवरची माणसं उठून उभी राहिली. मॅनेजर केबिनबाहेर आला. मेकॅनिक हातातल्या काळ्या फडक्याची घडी घालत होता. मला म्हणाला, "भाऊ, मी खरंच जाईसन उनू." खरंच जाऊन आलो. सगळ्यांसमोर तो माझ्याशी घरच्या भाषेत बोलला, आणि मी त्याला हिंदीतच उत्तर दिलं.

तिथून तडक पाटेवाल्याकडे गेलो तर दुकान बंद. भाचीच्या लग्नाला गावी गेला होता, आठ दिवस येणार नव्हता. मग गाडी तशीच, कंपनीच्या पाट्यांवर, हलका माल घेऊन चालवायला लागलो.

दोन दिवसांनी फोन आला. मी स्टँडवर टाके भरून घेत होतो. फोनवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, दहापैकी किती गुण? मी म्हटलं, शून्य चालतं का? ती म्हणाली, एकपासून आहे, सर. मग एक, म्हणालो. तिने कारण विचारलं. मेकॅनिक रस्त्यावर न नेता खोटं लिहितो, मी सांगितलं. तिने ते टाइप करून मला वाचून दाखवलं. बरोबर आहे का, सर? बरोबर, म्हणालो. त्याची दिवाळी तेव्हा मला आठवत नव्हती असं म्हणायची सोय नाही. चांगली आठवत होती, आणि आठवत असताना मी एक म्हणालो.

त्याच आठवड्यात हजीऱ्याजवळच्या एका कामगार वसतिगृहाला चादरी पोचवायच्या होत्या. बायको म्हणाली, मीही येते, बऱ्याच दिवसांत कुठे गेले नाही. जाताना रस्त्याचं काम चाललेलं, गाडी रांगतच गेली. येताना रिकामी गाडी आणि रस्ता मोकळा. साठ झाले, पासष्ट झाले. बायको भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, "आज काबर थरथरत नही गाडी?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढे वळायला जागा मिळाली तशी गाडी उलट फिरवली आणि तोच रस्ता पुन्हा धरला. सत्तर. पंच्याहत्तर. गणपती जागचा हलला नाही. आरशात ट्रक एकच. गाडी थरथरावी अशी इच्छा मला त्या दिवशी झाली तेवढी कधी झाली नव्हती. पाटे त्या बंद दुकानात पडलेत हे बायकोला माहीत होतं. तिने शेंगांची टरफलं पदरात गोळा केली, मग म्हणाली, "मग त्या माणूसले सांगी द्या ना."

सांगतो, म्हणालो. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. एकदा भाजीबाजारात तो मुलीचा हात धरून येताना दिसला तर मी मेथीची जुडी तिथेच टाकून दुसऱ्या गल्लीत शिरलो. वॉरंटीची भीती जास्त होती की तोंड दाखवायची लाज, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दिवाळी आली, गेली. आमच्याकडे बायकोने करंज्या केल्या. त्याच्या सोसायटीवरून जाताना मी गाडी जोरात काढायचो.

दिवाळीनंतर सर्व्हिसची वेळ झाली. या वेळी काढायला पाटे नव्हतेच, मी ते पुन्हा घातले नव्हते. गाडी दुसऱ्याच मेकॅनिकने घेतली. मी विचारलं, ते धरणगाववाले कुठे आहेत? तो म्हणाला, "वो अब धुलाई में है।"

मागच्या बाजूला गेलो. तो गमबूट घालून, पाइप हातात घेऊन एका गाडीची चाकं धूत होता. पँट मांडीपर्यंत भिजलेली. मला बघून म्हणाला, "या भाऊ." जसं काही झालंच नाही. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल, शिव्या घालेल, त्याची मी तयारी करून गेलो होतो. "या भाऊ"ची तयारी नव्हती.

"पाटे मी वाढवले होते," मी म्हणालो. "इथे यायच्या आधी काढून आणायचो."

त्याने पाणी बंद केलं. "माहीत होतं, भाऊ. पहिल्याच दिवशी दिसलं. बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे होते."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर तुमची वॉरंटी गेली असती. नवी गाडी, त्यात आपल्याकडचा माणूस. म्हटलं, विचारत राहू. सांगतील."

तीनदा त्याने मला वाट करून दिली होती. जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं लोक म्हणतात, तसं मला झालं. मी म्हणालो, "आत्ता जाऊन मॅनेजरला सगळं सांगतो. वॉरंटी गेली तर जाऊ दे."

त्याने ओल्या हाताने माझी बाही धरली. "नका सांगू, भाऊ. तेव्हा मी खोटा ठरलो. आता सांगितलं तर विचारतील, तुला दिसलं होतं तर लपवलं का. मग हेही जाईल." हे म्हणजे त्याच्या हातातला पाइप.

"आणि कायम व्हायचं?"

"पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

मी केबिनकडे गेलो नाही. बाही भिजलेली, तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. माझी गाडी आली तशी त्याने ती धुतली. वरवर नाही. खाली वाकून मागचे पाटे, बोल्ट, सगळं ब्रशने घासलं, आणि मी ते बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. दहापैकी किती गुण द्याल, सर? दहा, म्हणालो. काही कारण? माझ्या तोंडात सगळं आलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मुलगी टाइप करायला थांबली होती.

"धुलाई चांगली केली," मी म्हणालो.

तिने ते मला वाचून दाखवलं. बरोबर आहे का, सर?

बरोबर, म्हणालो.