चिंगीच्या बाबांच्या बातम्या

जगातलं पहिलं मूल लखनौला, आलमबागेतल्या आमच्या कॉलनीत, आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये जन्माला आलं, असं त्या मुलाच्या बापाचं प्रामाणिक मत होतं. त्याआधीही मुलं जन्मत, रांगत, त्यांना दात येत, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी नाकारलं नसतं, कारण माणूस सभ्य होता. पण मनातून त्यांना ते पटलं नसतं. गृहस्थ सांगलीकडचे, रेल्वेत पुलांचे इंजिनियर. लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झालेली. तिचं पत्रिकेतलं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण सगळे तिला चिंगी म्हणत, आणि महिन्याभरात बापाचंही नाव पुसलं जाऊन ते चिंगीचे बाबा झाले. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं. कॉलनीत टेलिफोन एकच होता, वर्तमानपत्रं मात्र दोन येत: एक इंग्रजी आणि दुसरे चिंगीचे बाबा.

हा अंक सकाळी साडेसातला निघे. मी दाढीला बसलेलो असे. दार वाजवायची पद्धत त्यांना ठाऊक होती, पण आनंद झाला की ती ते विसरत. "दादा, पालथी पडली," एवढंच म्हणायचे. कोण, हे विचारायची सोय नव्हती. बरं, नुसत्या बातमीवर भागत नसे. सांगलीहून त्यांच्या आईची पत्रं येत आणि बाळाच्या कोणत्या प्रगतीला काय करायचं हे त्यात बारकाईने लिहिलेलं असे. पालथी पडली की करंज्या, बसली की कडबोळी, उंबरा ओलांडला की नारळ. चिंगीच्या आईला एकटीला हे सगळं उरकेना, म्हणून गृहस्थ स्वतः करंज्या लाटायला बसले. पुलाच्या माणसाने केल्यामुळे असेल, त्या करंज्या तुटता तुटत नसत. आम्ही मात्र त्या तोंडावर गोड म्हणून घेत असू आणि दार लागलं की हसत असू.

दात आला त्या सकाळचं सांगतो. एका हातावर चिंगी, दुसऱ्या हातात स्टीलचा चमचा असे ते आत आले. पुलाचे रिव्हेट सैल झालेत की घट्ट आहेत ते म्हणे हातोडीने ठोकून, आवाजावरून ओळखतात. त्याच गांभीर्याने त्यांनी चमचा तिच्या हिरडीला टेकवला आणि म्हणाले, "दादा, ऐका." काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी आमचा रेडिओ बंद करवला, मोरीतला नळ बंद करवला आणि आमच्या पाच वर्षांच्या मुकुंदाला श्वास रोखून धरायला लावला. तेव्हा कुठे बारीकसं टक् झालं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि चिंगीने चमचा हिसकावून माझ्या दाढीच्या साबणात बुडवला. मी "वा, छान" म्हटलं, पण ते त्यांना पुरलं नसावं, कारण तसेच ते पलीकडच्या मिश्राजींकडे गेले. तिथे मिश्राइनने "हाय दैया, बिटिया के दाँत आ गए" म्हणत मिरच्या-मोहरीने पोरीची नजर उतरवली, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

सणांचं तर विचारूच नका. पहिल्या दिवाळीला त्यांनी चिंगीला खिडकीच्या काचेआड ठेवून अंगणात स्वतः फुलबाजी धरली, आणि ती हसली की नाही हे आतून बायकोने ओरडून सांगायचं असं ठरलं होतं. पण खरी मजा संक्रांतीची. लखनौत त्या दिवसाला खिचडी म्हणतात आणि खिचडीच खातात. बोरन्हाण कशाशी खातात हे तिथे कुणाला ठाऊक असणार? चिंगीच्या काळ्या झबल्यासाठी गृहस्थ अमीनाबादेत गेले. म्हातारा दुकानदार कापड काढीना. "बाबूजी, बच्ची के लिए काला? यहाँ तो लोग ग़म में पहनते हैं." चिंगीच्या बाबांनी त्याला थंडी, सूर्य, उत्तरायण आणि सांगलीची आई हे सगळं अर्धा तास समजावलं. शेवटी त्याने काळं कापड दिलंच, वर हातभर सोनेरी गोटा, म्हणजे जरीची किनार, आपल्याकडून लावायला दिला. बच्चीला एवढं तरी चमकतं असू द्या, म्हणाला.

हलव्याचे दागिने सांगलीहून पार्सलने निघाले होते ते पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. पण हरतील ते इंजिनियर कसले? त्यांनी लखनवी रेवड्या आणल्या, तिळाच्याच असतात म्हणून, आणि मेणबत्तीवर सुई तापवून एकेका रेवडीला भोक पाडत दोन दिवसांत हार, बाजूबंद आणि मुकुट तयार केला. समारंभ थाटात झाला. चिंगीच्या डोक्यावरून बोरं, लाई आणि उसाचे करवे ओतले, कॉलनीतली पोरं ती वेचायला एकमेकांच्या अंगावर पडली. मात्र तोवर चिंगीने मुकुटाखेरीज सगळे दागिने चाटले होते आणि हार स्वेटरला असा चिकटला होता की तो कोमट पाण्याने सोडवावा लागला. दुसऱ्या दिवशी साडेसातला बातमी आली, "दादा, तिने तिळगूळ खाल्ला."

इथपर्यंत मी हे हसत सांगू शकतो. पुढचं सांगताना अजून मान खाली जाते.

आमची ही त्यांच्या बातम्या मन लावून ऐकायची. एकदा ते गेल्यावर म्हणाली, "आपल्या मुकुंदाला पहिला दात कधी आला, सांगा बरं." मला आठवेना. मी त्या दिवसांत ऑफिसच्या टूरवर होतो, आणि नसतो तरी मला कळलं असतं असं नाही. ही पोळ्या लाटत राहिली. राग यायचा तर मला माझा यायला हवा होता. पण माणसाला स्वतःचा राग सोसत नाही, तो शेजाऱ्यावर काढायला बरा पडतो. त्या दिवसापासून साडेसातचं दार वाजलं की माझ्या कपाळाला आठी पडू लागली.

आणि मग गुढीपाडव्याचं स्नेहसंमेलन आलं. लखनौतली मराठी माणसं वर्षातून दोनदा एकत्र जमत, आणि जमली की मी नकला करत असे. माझा त्यात थोडा लौकिक होता, आणि लौकिकाची चटक वाईट. त्या वर्षी मी उशीला काळं फडकं गुंडाळलं, हातात चमचा घेतला आणि स्टेजवर आलो. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. उशी शिंकली म्हणून पेढे वाटले, उशीने कूस बदलली म्हणून नारळ फोडला, अध्यक्षांच्या कवळीवर चमचा ठोकून "ऐका, ऐका" म्हटलं. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. दुसऱ्या रांगेत चिंगीचे बाबा बसले होते. तेही हसत होते, रुमालाने डोळे पुसत होते, आणि मांडीवरची चिंगी टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, मैदान मारलं. कार्यक्रम संपल्यावर ते मुद्दाम पुढे आले, माझा हात हातात घेऊन "अगदी हुबेहूब" म्हणाले, आणि मी निर्लज्जासारखा थँक्यू म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेसातला दार वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस मी निवांत दाढी केली. पाचव्या दिवशी ही भाजीवाल्याच्या ठेल्यावरून परत आली ती पिशवी न ठेवता तशीच माझ्यासमोर उभी राहिली. चिंगीच्या आईशी बोलणं झालं होतं. चिंगी त्या दिवशी ज्या टाळ्या वाजवत होती त्या तिच्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या होत्या. सगळ्यांचं बघून तिने वाजवल्या होत्या. "आणि तिचे बाबा घरी आल्यावर तिच्या आईला म्हणाले," ही म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस."

लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत बारा पावलांचं अंतर होतं, आणि मी ते दोनदा ओलांडलंही. एकदा जाऊन शिडी मागून आणली. दुसऱ्यांदा ती परत केली. दोन्ही वेळा त्यांनी आग्रहाने चहा पाजला आणि गोमतीच्या पाण्याबद्दल, बदलीबद्दल, महागाईबद्दल बोलत राहिले. चिंगी शेजारी खेळत होती, पण तिच्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. त्यांनी अबोला धरला असता, चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त शहाणे झाले होते, आणि त्यांना शहाणं मी केलं होतं. जूनच्या शेवटी एकदा जेवताना मुकुंदा म्हणाला, "पापा, चिंगी तो चलती है." कधीपासून, असं मी विचारलं. "कब से!" तो म्हणाला, आणि वरण मागू लागला.

नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. मी चारबाग स्टेशनवर पोचवायला गेलो. रात्रभर जुळवलेलं एक वाक्य बरोबर होतं. त्यात क्षमा हा शब्द दोनदा होता. सामान चढलं, चिंगी आईच्या मांडीवर बसली, ते खिडकीशी बसले, आणि माझ्या तोंडून ते वाक्य काही निघेना. निघालं ते भलतंच. मी विचारलं, "चिंगीने पहिलं पाऊल कधी टाकलं हो?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी हसतोय का ते पाहत होते. मग हळूच म्हणाले, "बुधवार होता. डबा विसरलो म्हणून परत आलो, तर ही पलंगाला धरून उभी. तिने हात सोडला." चिंगीकडे पाहून ते म्हणाले, "तुम्ही घरीच होतात, दादा. तुमचं दार उघडं दिसत होतं. मी चपला घालून निघालोही होतो."

"मग?" मी म्हटलं. खरं तर मला ठाऊक होतं.

"मग काढून ठेवल्या."

शिटी झाली. मी खिडकीच्या गजाला धरून म्हटलं, "आता सांगा." आणि त्यांनी सांगितलं. आधी चाचरत, मग घाईने, मग अगदी साडेसातच्या आवाजात: कशी डगमगली, कुठल्या हाताने तोल सावरला, कशी आईकडे न जाता ह्यांच्याकडेच आली. गाडी हलली तसा मी बरोबर चालू लागलो, पुढे पळू लागलो. गाडीच्या आवाजात त्यांचे शब्द मला ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून चार बोटं दाखवली.

माझं वाक्य तसंच घरी परत आलं. ही दारातच उभी होती. मी म्हटलं, "चिंगी पहिल्यांदा चालली तेव्हा चार पावलं चालली."

"पाच महिने झाले त्याला," ही म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "पण मला आज सांगितलं त्यांनी."