ट्यूबलाइटसमोरची खुर्ची

पेणला कॉलेजसाठी राहायचो, तेव्हा शेजारच्या खोलीत लग्नांचे व्हिडिओ काढणारा एक जण एकटाच राही. हॅलोजनच्या झळेने नवरीचा मेकअप ओघळतो, म्हणून त्याने फळीवर साध्या ट्यूबलाइट ठोकल्या होत्या. ती फळी लग्नात उभी केली की रोह्याचे वऱ्हाडी हसायचे, "लग्न हाय का किराणा दुकान?"

संध्याकाळी खोलीत ट्यूबलाइट लावून, समोर खुर्ची मांडून तो मला हाक मारी, "भावा, बस जरा. लाइट बघायला तोंड लागतं." लाइट जमल्यावरही तो मला उठू देत नसे. का, ते विचारायला मला धीर होत नसे.

परीक्षा आली आणि माझं जाणं थांबलं. एकदा त्याच्या दारातून पाहिलं, तर खुर्चीला शर्ट अडकवून तो शर्टालाच सांगत होता, "हलू नको हां."

मी शर्ट बाजूला केला आणि पुस्तक घेऊन बसलो. त्याने कॅमेरा बंद केला.

"वाच तू. लाइट हाय."