आधी हात, मग लाकूड

आमच्या चौसाळ्याच्या सुतारकामाच्या वर्कशॉपात कुणी नवीन शिकायला आलं, की जुनी मंडळी चहा मागवतात आणि किस्से काढतात. दरवेळी एखादा वाढलेलाच असतो. आता आम्ही हसतो. घडताना मात्र कुणाला हसू येत नव्हतं!

माझं टेलरिंगचं दुकान शेजारीच. कापड बेतायचं टेबल स्वतः करावं म्हणून मी वर्कशॉपच्या मालकांकडे, अप्पा मिस्त्रींकडे शिकायला गेले. पहिल्याच दिवशी फळीवर रेघ मारली आणि सगळा जोर लावून करवत दाबली. ती मध्येच रुतली. मी आणखी जोर लावला, तसं पातं कमानीसारखं वाकलं!

अप्पा ओरडले, "ताई, सोडा! कापायलात का भांडायलात? तिला नुसती पुढं-मागं न्या. कापायचं काम तिचं हाय."

*

माझ्यासोबत शिकणारा दत्ता आधी ट्रक चालवायचा. एकदा त्यानं डाव्या हातात लाकूड धरलं आणि उजव्या हातानं त्याच डाव्या हाताच्या दिशेनं खाचा पाडायची धारदार पटाशी रेटायला लागला.

"थांब!" अप्पांच्या आवाजानं आम्ही सगळेच थिजलो. अप्पा हळूच म्हणाले, "पटाशी घसरली तर कुठं जाईल?"

दत्तानं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं आणि गुमान लाकूड शिकंज्यात आवळलं. वर म्हणतो, "ट्रकला ब्रेक असतो अप्पा, हिला कुठं हाय?"

"तुझ्या डोक्यात, बे!"

*

अप्पांची सून सुनंदा धारेला घाबरायची. म्हणून तिनं मुद्दाम बोथट पटाशी उचलली. दाबता दाबता पटाशी अशी निसटली, की पोटाजवळून जाऊन तिनं पदर टरकन फाडला. सुनंदा पांढरीफटक!

"बोथट हत्याराला जोर लागतो, अन् जोर लावला की ते घसरतं," अप्पा म्हणाले.

"मग आधी धार लावायला शिकवा की, मामा!"

शिकली. आता गल्लीतल्या सगळ्या विळ्या तिच्याकडंच येतात.

*

जुन्या दाराचं लाकूड आलं, की रंधा मारायच्या आधी खिळे बघा, असं अप्पा रोज बजावायचे. एके दिवशी स्वतःच खिळे न बघता रंधा मारला. खच्च! वडलांच्या हातचा रंधा, पात्याचा तुकडाच उडाला. कुणी मान वर करीना.

अप्पांनी तुकडा उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, "तुमाला दाखवायसाठी मारलं."

*

आणि तो दिवस. अप्पा लाकूड आणायला गेवराईला गेलते. दत्ता गोल पात्याच्या मशीनवर फळी कापत होता. ऐन मध्यात लाईट गेली, पातं थांबलं. फळीचा तुकडा पात्यापाशी अडकला. बटण तसंच चालू! दत्तानं तुकडा काढायला बोटं आत घातली.

"दत्ताभाऊ, हात काढा!" सुनंदा ओरडली.

"लाईट कुठं हाय, वहिनी? कावून घाबरायलात?" तो तुकडा हलवतच राहिला.

सुनंदानं हातातली लाकडी पट्टी त्याच्या मनगटावर सपकन हाणली. दत्तानं कळवळून हात मागं ओढला. "याड लागलं का?"

त्याचं वाक्य संपायच्या आत लाईट आली. पातं किंचाळलं. तुकडा त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. पातं गरगरत थांबलं. सुनंदाच्या हातात पट्टी अजून तशीच होती. दत्ता लाल झालेल्या मनगटाकडं बघत राहिला, बघतच राहिला. मग त्यानं दुसरा हात पुढं केला.

"वहिनी, ह्याच्यावरबी एक मारा."