काकूंची नजर

मंदीच्या वर्षी इथे आखातात, मरीनातल्या आमच्या इमारतीत एकामागून एक नोकऱ्या जात होत्या. वरच्या मजल्यावरचे काका कामाला दूर रुवैसच्या तेल प्रकल्पावर असत, काकू आठवडाभर एकट्या. त्या जिथे चहाला गेल्या, त्या दोन्ही घरांत लागोपाठ नोटीस आली. त्यांची नजर वाईट, अशी कुजबुज सुरू झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीही त्यांना बोलावलं नाही.

पुढच्याच आठवड्यात लेक इतिहासाचा धडा वाचत होती. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात गारपिटीने पीक गेलं, की एखाद्या बाईला चेटकीण ठरवून चर्चच्या संमतीने जाळत.

“मम्मा, व्हाय डिडन्ट एनीवन स्टॉप देम?”

मी तिळगूळ घेऊन तडक वर गेले. काकूंनी दार अर्धंच उघडलं.

“आत येऊ नकोस गं. तुझ्या नवऱ्याची नोकरी अजून आहे ना?”

त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.