तूदाची खोली आणि हद्दूचं सिमेंट

द्रा नदीच्या काठच्या तिगर्मत गावात तूदा चिडली की आधी कोंबड्यांना कळायचं. त्या अंगण सोडून खजुरीखाली पळायच्या. मग शेजाऱ्यांना कळायचं, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या बापाला. हद्दूला एका कानानं कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्या कानानं सोयीचं तेवढंच.

त्या दिवशी मात्र ती सुटीला घरी आली ती हसत. बाजारगावात मातीची घरं बांधायला शिकवणारी शाळा निघाली होती, आणि पोरींना घेतलेल्या पहिल्याच तुकडीत तूदा होती. लाकडी साच्यात ओलसर माती घालून ती धुम्मसानं ठोकायची, साचा वर सरकवायचा, पुन्हा ठोकायची. शेवटची परीक्षा म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या गावात एक खोली उभी करायची. मालेम बासू, म्हणजे शाळेचे बडे मिस्त्री, येऊन ती तपासणार. पास झाली तर खोऱ्यातल्या जुन्या गढ्यांच्या डागडुजीवर काम पक्कं. नापास झाली तर कासाब्लांकाला आत्याकडे धुणीभांडी. हद्दूनं आत्याला तसा फोनही करून ठेवला होता.

खोलीला जागा मागितली तेव्हा हद्दू कडाडला होता. "मातीची खोली? माझ्या सिमेंटच्या घराला लागून? मुलगा फ्रान्सात आहे माझा! लोक विचारतील, त्याचं काम सुटलं का म्हणून!"

शेवटी शेळ्यांच्या गोठ्याची जागा मिळाली. वर्गातल्या दोघी मैत्रिणींना आणून तूदानं चार भिंती चढवल्या. धाबं घालायचं राहिलं होतं, तोवर वर खजुरीच्या झावळ्या पसरून ती शाळेत परतली होती. मधे हिवाळ्याचा पाऊस होऊन गेला.

तर अशी ती हसत अंगणात शिरली आणि जागच्या जागी थांबली. तिची लाल मातीची खोली राखाडी झाली होती. पायापासून माथ्यापर्यंत सिमेंटचा गिलावा, गुळगुळीत, आणि खाली शोभेला हिरवा पट्टा. शेजारी हद्दू पुदिन्याच्या चहाची किटली घेऊन उभा, नव्या नवरदेवासारखा.

"कशी दिसते?" तो म्हणाला. "परवाच संपवलं. पाहुणा मालेम येणार, उघडीनागडी भिंत काय दाखवायची त्याला?"

कोंबड्या खजुरीखाली गेल्या.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मी. या हातांनी. पाठ धरली माझी. पण म्हटलं, पावसात भिजेल पोरीची भिंत."

"ती भिजलीच होती! आतलं पाणी आता जाणार कुठून? तुमच्या कानातून?"

"अगं, मातीला नावं ठेवणारे मी ऐकलेत, पण सिमेंटला नावं ठेवणारी तूच पहिली!"

"मला विचारलंत? एका शब्दानं तरी? जव पेरताना तुम्ही बैलालासुद्धा विचारता!"

"बैल उलट बोलत नाही," हद्दू म्हणाला. तोवर तूदानं छिन्नी-हातोडा उचलला होता.

पहिल्याच घावाला ताटाएवढी खपली पडली आणि तिच्याबरोबर ओंजळभर भिंतही आली. हद्दू ओरडत होता, "बापाच्या मेहनतीवर हातोडा घालतेस?" आणि तूदा प्रत्येक घावाला उत्तर देत होती, "आणि माझी मेहनत? ती काय शेळ्यांनी केली?" बघता बघता गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली. तूदाची आई एत्तो भाकऱ्या भाजता भाजता चुलीपुढूनच म्हणाली, "दोघंही एकाच मातीचे." आणि तिनं भाकरी उलटली.

तीन भिंती गिलाव्यातून सुटल्या, वाऱ्याला लागल्या. नदीकडची मात्र गेली होती. झावळ्यांतून उतरलेलं पाणी सिमेंटमागे कोंडून राहिलं होतं. तूदानं पायथ्याशी बोट लावलं तर ते मळलेल्या कणकेत जावं तसं आत गेलं. ती उठली. रडली नाही. रडली असती तर हद्दूला बरं वाटलं असतं, निदान जवळ जाता आलं असतं. तिनं ती भिंत ढकलून पाडली, आणि बाप बघत असताना पाडली.

दुसऱ्याच सकाळी मालेम बासू खेचरावरून उतरले. सडपातळ म्हातारा, दाढीत कायम माती. त्यांनी उरलेल्या भिंतींवर तळवा फिरवला, सिमेंटच्या ढिगाऱ्याला पायानं टोकरलं.

"कुणाचं काम हे?"

कुंपणाशी अख्खा गाव. बापाचं नाव घेतलं तर तूदा सुटत होती आणि बाप कायमचा गावाच्या तोंडी जात होता. राग एवढा होता, तरी नाव ओठांवर येईना. याचाही तिला राग आला.

"माझं काम," हद्दू मागून गुरगुरला. "माझी पोर, माझं सिमेंट. कुणाला काय म्हणायचंय?"

बासूंनी वळून पाहिलं. "हद्दू, लेका, तू? एका साच्यात ठोकायचो आपण. गढीची उत्तरेची भिंत आठवते?"

"विसरलो," हद्दू म्हणाला. विसरला नव्हता.

"मग रीत तरी आठवत असेल."

कुंपणाशी कुजबुज झाली. आमच्या खोऱ्यात रीत आहे, भिंत जो बिघडवेल त्यानं साच्यात उतरायचं आणि ती पुन्हा उभी होईतो ठोकायची. तो पाटील असो की पेशइमाम.

"पुढच्या बाजाराच्या दिवशी परत येतो," बासू म्हणाले. "चौथी भिंत उभी आणि ओळंब्यात दिसली तर पोरगी पास."

हद्दूनं झग्याचा सोगा कमरेत खोचला. साच्यात उतरताना गुडघे असे वाजले की कुंपणाशी कुणीतरी हसलं. तूदानं त्या दिशेनं नुसतं पाहिलं, हसणं थांबलं. मग ती समोर उतरली.

"जोर लावा. गिलावा करताना बरा होता जोर."

"तू माती नीट घाल. कोरडी घालतेस."

"कोरडी? मुठीत धरून बघा!"

"माझ्या मुठी तुझ्या जन्माच्या आधीपासून..."

"मग त्या मुठींनी सिमेंट कसं लावलंत?"

धुम् धुम्. दोघांची धुम्मसं एकमेकांवर धावून जावीत तशी पडत होती, पण ताल चुकत नव्हता. साचा वर सरकला, भांडणही वर सरकलं. आत्याला केलेला फोन निघाला, फ्रान्सातला भाऊ निघाला, लहानपणी विकलेलं कोकरूसुद्धा निघालं. सगळं त्या भिंतीत ठोकलं गेलं. बासू परत आले, ओळंबा सोडून पाहिला, बोटाची पेरं आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बाकीच्या तिन्ही याच रागात का नाही ठोकल्यास?"

तूदा पास झाली. धाबं घातलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. "चूक झाली म्हणा, मग आत या," तिनं बापाला बजावलं. हद्दू म्हणाला, "माझं सिमेंटचं घर आहे."

मग उन्हाळा आला. हद्दूच्या घरात सिमेंट इतकं तापलं की भिंतीला पाठ टेकवता येईना. सुटीला आलेली तूदा एका दुपारी आपल्या खोलीत आडवी झाली होती, तोच भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज आला. नदीकडच्या त्याच भिंतीच्या बाहेर, हातभर सावलीत, गाल गार मातीला लावून हद्दू झोपला होता.

तिनं बराच वेळ ते ऐकलं. मग धाडकन दार उघडलं.

"बाबा! घोरणं तरी बंद करा, नाहीतर आत या!"

हद्दू आत आला, चटईवर पडला, कूस बदलली. "चूक बीक काही झालेली नाही," तो म्हणाला आणि क्षणात झोपला.

तूदा रागानं बाहेर गेली. दार मात्र तिनं हळू लावलं.