मावशीनं आणलेला शब्द

मी सौसरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. माझी मुलगी माझ्याच वर्गात बसते आणि गुरुत्वाकर्षण सुरू झालं की जांभया देते.

माझी धाकटी बहीण पांढुर्ण्याला दिली आहे. ती घरबसल्या फ्रेंच शिकली, आता लॅपटॉपवर शिकवतेसुद्धा. मागच्या शनिवारी आम्ही सगळे जामसांवलीच्या हनुमानाला गेलो. दर्शन झाल्यावर झाडाखाली डबे उघडले. पोटभर जेवून मुलगी म्हणाली, "मावशी, पोट जड झालं."

"फ्रेंचमधे याले पझांतर म्हणतात," बहीण म्हणाली. "अन् पृथ्वी आपल्याले खाली ओढून राहिली ना, तेही पझांतरच."

मुलगी एकदम ताठ बसली. "मग ग्रॅव्हिटेशन?"

"त्याले वेगळा शब्द आहे. चंद्र-सूर्य एकमेकांले ओढतात ते ग्राव्हितासिओं. इथं आपल्याले जे वजन जाणवते ते पझांतर. कामकाज रखडवणाऱ्या सरकारी सुस्तीलेही तेच म्हणतात."

मुलगी खदखदून हसली. माझ्या तासाला ती कधी अशी हसली नव्हती.

"बरं," मी म्हटलं, "मग विषुववृत्तावर हे तुझं पझांतर कमी का भरते, ते सांग."

"ताई, ते मले काय माहीत? ते तुझं काम," बहीण सहज म्हणाली आणि तिनं मुलीच्या ताटात आणखी एक पुरी वाढली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते. मुलगी ओट्याशी आली.

"आई, अंतराळात तरंगतात त्याले आपझांतर म्हणतात. म्हणजे वजन नाही. पण पृथ्वीची ओढ तर तिथंही असते ना?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर वाट पाहिली होती. हात तसेच पिठाचे ठेवून मी तिला समजावलं. ओढ असतेच, पण यान आणि माणूस दोघंही एकत्रच पडत असतात, म्हणून खाली टेकायला काही उरत नाही. तिचे डोळे मोठे झाले.

"भारी आहे हे!" ती म्हणाली आणि फोन उचलून अंगणात पळाली.

"मावशी, ऐक ना, तुले एक गंमत सांगतो..."

मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. माझंच वाक्य ती शब्दन्‌शब्द सांगत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी कणीक इतकी मळली की पोळ्या चिवट झाल्या.